पहाटेचा जोडीदार

पहिल्या तासाला दोनियोर झोपायचा, दुसऱ्या तासालाही झोपायचा, आणि तिसऱ्या तासाला सगळा वर्ग जांभया देऊ लागला की हा ताजातवाना होऊन मान वर काढायचा. उझबेकिस्तानात, कोकंदच्या अध्यापक महाविद्यालयात इतिहासाच्या पहिल्या वर्षाला एकोणतीस पोरं-पोरी होत्या. त्यातल्या अठ्ठावीस जणांची झोप उडवायला रात्रीची गंमत कारण होती. दोनियोरच्या वाट्याला गंमतही नाही आणि झोपही नाही. तो पहाटे तीनला उठलेला असायचा, चारशे माणसांपुढे गळा फोडून आलेला असायचा, आणि त्याच्या कोटाला मेंढीच्या चरबीचा नि जिऱ्याचा असा काही वास यायचा की शेजारच्या बाकावरच्या पोरीला नऊ वाजताच भूक लागायची.

लग्न असो की सुंता, आमच्याकडे पुरुषांचा पुलाव पहाटेचा. नमाज उरकून गल्लीच्या गल्ली येते, टेबलांना बसते, वीस मिनिटांत खाते, वडीलधारा हात वर करून दुआ म्हणतो, सगळे 'ओमिन' म्हणत तोंडावरून हात फिरवतात आणि उठतात. की पुढची पंगत तयार. अशा चार पंगती, कधी पाच. आणि ज्याला आपला मान राखायचा असेल तो यजमान या पंगतींना गवई बोलावतो. गाणं पण साधंसुधं नाही, मोठं गाणं. त्याला वाद्य लागत नाही, दोन गळे लागतात. एकाने तोंडापाशी बशी आडवी धरून सूर वर चढवायचा, त्याचा दम संपायला आला की दुसऱ्याने तो तिथूनच उचलायचा, आणि असं चढत चढत जायचं की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहावा. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. एकटा माणूस श्वास घ्यायला थांबला की गाणं खाली पडतं.

असाच एक गवई शुहरत-अका; 'अका' म्हणजे दादा. त्याचा जोडीदार वीस वर्षं त्याच्याबरोबर गायला आणि गेल्या उन्हाळ्यात बायकापोरांसकट रशियाला निघून गेला. तेव्हापासून शुहरत-अका म्हणजे एका चाकाची गाडी. वय त्रेचाळीस, पोट सुटलेलं, दिवसा पांढऱ्या व्हॅनमधून भट्ट्यांना पीठ पोचवायचा. सप्टेंबरात नव्या पोरांच्या स्वागताच्या कार्यक्रमाला तो पुतणीला सोडायला आला आणि दाराशी उभा राहिला. दोनियोर गात होता. गावाकडे आजोबांबरोबर शेतावर गायलेलं तेच काहीतरी. शुहरत-अकाने गाणं संपेपर्यंत वाट पाहिली, मग त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं.

"धाकट्या, पहाटे उठतोस का रे?"

"उठतो की," दोनियोर म्हणाला. खेड्यातलं पोर, न उठून सांगतंय कुणाला!

तिथेच तो अडकला. पण खोटं कशाला बोला, पहिले काही आठवडे त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. बरोबरीची पोरं वसतिगृहाच्या जिन्यात बसून फोनवर गाणी वाजवत होती, आणि हा त्रेचाळीस वर्षांच्या माणसाशेजारी बसून गावोगाव फिरत होता. यजमान त्याला 'गवईबुवा' म्हणत. तिसरा सोबती हबीब-अका, अठ्ठावन्न वर्षांचा, पंगती भरेपर्यंत दुतार वाजवणारा. तो गाडीत सारखं आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायचा. गुडघे संपले की रक्तदाब, रक्तदाब संपला की धाकटा जावई. दोनियोर मन लावून ऐकायचा, आणि वर्गात आला की तेच पोरांना सांगायचा. मोठी माणसं आपल्याला जवळचं समजून बोलतात याचंच त्याला अप्रूप होतं. आठवड्याला चार पुलाव म्हणता म्हणता पाच झाले, पाचाचे सहा. ऑक्टोबर संपेतो त्याच्या आवाजाला खालच्या बाजूने एक चरा पडला, आणि त्याचं अप्रूपही विटलं. उरली ती झोप. जागेपणी झोप, चालताना झोप, चमच्यात झोप.

आता गपचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

आमच्याकडे एका वयाची, एका वर्गाची दहा-पंधरा माणसं मिळून गप धरतात. आज याच्या घरी, महिन्याने त्याच्या घरी. पुलाव करायचा, बोलायचं, एकमेकांची टर उडवायची. वरवर बघाल तर रिकामटेकड्यांचा उद्योग. पण एकदा धरलेली गप मरेपर्यंत सुटत नाही. दोनियोरच्या बापाची गप तेहतीस वर्षांची. आजोबा वारले तेव्हा सख्खे नातेवाईक पोचायच्या आधी ते तेरा जण अंगणात उभे होते. खांदा त्यांनीच दिला, खड्डा त्यांनीच खणला, बापाला भिंतीला टेकवून बसवला तोही त्यांनीच. म्हणून बाप दर रविवारी फोनवर अभ्यासाचं एक वाक्य विचारायचा आणि गपची पाच.

"धरली का रे पोरांनी गप?"

"धरली, बाबा."

"म्होरक्या कोण?"

"जसूर. शहरातलाच आहे."

"चांगला आहे ना? तू जातोस ना?"

"जातो की," दोनियोर सांगायचा आणि त्याचे कान गरम व्हायचे.

तो एकदाही गेला नव्हता. पहिल्या बैठकीला निघायचं म्हणून संध्याकाळी पाचला जरा पाठ टेकली, ती दुसऱ्या दिवशी पहाटे शुहरत-अकाच्या फोनने उचलली. दुसऱ्या बैठकीला निघाला, बसमध्ये बसला आणि थेट शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने हलवून उठवला. जसूर हा उंच, शांत, जरा जास्तच नियमाने चालणारा पोरगा. त्याने दोनियोरला व्हरांड्यात गाठलं.

"हे बघ, पहिल्या दोन बैठका नुसत्या ओळखीच्या होत्या. तिसरी या गुरुवारी फर्रुखकडे. तिथे चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाची पाळी कोणत्या महिन्यात ते. टोपीत ज्याची चिठ्ठी पडली तो आपल्यात. नाही पडली तर नाही. तेरा जणांनी मिळून ठरवलंय, माझ्या एकट्याच्या हातात काही नाही."

"येणार. नक्की येणार."

"तुझ्या म्हाताऱ्यांनी सोडलं तर," जसूर म्हणाला. टोमणा नव्हता तो, काळजी होती, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

गुरुवारी पहाटे पुलाव होताच. शुक्रवारी पहाटेही होता, आणि तो मोठा. कापसाच्या गिरणीवाल्याच्या घरचं लग्न, सहा पंगती. दोनियोरने भीतभीतच शुहरत-अकाला सांगितलं की संध्याकाळी गप आहे.

"गप? मग जायलाच हवं," शुहरत-अका चटकन म्हणाला. त्याने गाडीचा वेग कमी केला. "किती वाजता सुटेल?"

"नऊला."

"मी नऊला दाराशी येतो. तिथून माझ्या घरी चल, तिथेच झोप. थंडीत बसची वाट बघत उभा राहिलास तर गळा बसेल."

हबीब-अका मागून म्हणाला, "आणि सरबत पिऊ नकोस. माझ्या गुडघ्यांचं पहिलं दुखणं सरबतानेच सुरू झालं."

त्या दिवशी दोनियोर दुपारी झोपला नाही. झोपलो तर उठणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. तो तीन वेळा गार पाण्याने तोंड धुऊन, खोलीत येरझाऱ्या घालून, सहाच्या ठोक्याला फर्रुखच्या दारात हजर झाला. चौदा जणांत पहिला. फर्रुखच्या आईने दार उघडलं आणि त्याला बघून हसली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आता काय, बसायचं, खायचं, चिठ्ठी टाकायची. एवढंही जमू नये इतका काही आपण वाया गेलो नाही, असं त्याने स्वतःला बजावलं.

पोरं जमली. जणू दोनियोर आत्ताच येतोय अशा थाटात फर्रुख दोन्ही हात छातीवर ठेवून उठून उभा राहिला.

"उठा रे, उठा! अका आले! अका, या, वर बसा. गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," दोनियोर सवयीने म्हणाला, आणि हशा पिकला.

चेष्टा होती, पण गोड होती. त्यांनी त्याला मध्ये बसवलं. कुणी एका मास्तरीणबाईंच्या चालण्याची नक्कल केली, कुणी फोनवर कसलं तरी धबाधबा वाजणारं गाणं लावलं, कुणी तिसऱ्या बाकावरच्या पोरीचं नाव काढलं आणि जसूर लाल झाला. दोनियोरला त्यातलं निम्मं कळलं नाही. तीन महिने ही पोरं एकमेकांबरोबर जगली होती आणि तो शेजारच्याच खोलीत राहून परदेशी होता. बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं तर त्यातून निघालं ते असं:

"गाजर पिवळं घेतलंय ते बरं केलंत. लाल गाजराने पुलाव गोड होतो. आणि या वर्षी पिवळं महाग आहे."

मग फर्रुख म्हणाला, "आणि जावई कसा आहे, अका?" आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. दोनियोरही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि ते हसण्याचंच आहे की कसलं ते त्याला ठरवता येईना.

पुलाव आला. दोन परातींभोवती सात-सात जण. खोली उबदार, पाठीला मऊ लोड, पोटात गरम भात, आणि दोन रात्रींची झोप मानेवर येऊन बसलेली. पलीकडे भिंतीशी फर्रुखचे आजोबा उशीला टेकून पोरांची मजा बघत होते. फर्रुखची आई पडवीत खरबूज कापत होती. हिवाळ्यासाठी टांगून ठेवलेलं खास खरबूज, लेकाच्या पहिल्या गपसाठी उतरवलेलं. जसूरने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर पालथी ठेवली होती आणि तो कागदाचे तुकडे फाडत होता. परात रिकामी झाली. दोनियोरला शेवटचं दिसलं ते एवढंच, रिकामी परात.

पुढचं त्याच्या हातांनी केलं. रोज पहाटे चार-चार, सहा-सहा वेळा जे ऐकलं आणि केलं होतं तेच. परात रिकामी झाली, हात छातीसमोर उघडे झाले आणि त्या खोलीत एक भरदार, कमावलेला आवाज घुमला. यजमानाच्या घराला बरकत, पोराबाळांना आयुष्य, गेलेल्यांना शांती, ओमिन!

आता दुआ कानावर पडली की आमच्याकडे माणूस विचार करत नाही, हात वर करतो. चौदा जोड्या हात वर गेले. आजोबांचे गेले. पडवीत सुरी ठेवून फर्रुखच्या आईचेही गेले. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं की काय झालं ते.

दुआ झाली म्हणजे बैठक मोडली. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं अंथरलेलं कापड, मिटलं. त्यावरचं मग काही खायचं नाही, त्याच्याशी बसायचंही नाही. पाव लाखाचं जेवण अर्ध्यावर असलं तरी नाही.

दोनियोर दचकून जागा झाला आणि त्याला सगळ्यांची तोंडं दिसली.

"अरे... अजून चिठ्ठ्या..." जसूरच्या हातात कागदाचे तुकडे तसेच.

"खरबूज!" फर्रुख ओरडला. "आईने खरबूज कापलंय! दुआ मोजायची नाही हं, हा झोपेत होता. आजोबा, हा झोपेत होता हो!"

आजोबांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण ते जुने गृहस्थ. "झोपेत केली म्हणून दुआ परत घेता येते होय? देवाने काय, आधी माणूस जागा आहे का ते बघून ऐकायचं? माझेही हात वर गेले. झाली ती झाली. उठा, पोरांनो."

पावणेआठ वाजता चौदा पोरं रस्त्यावर. थंडीत तोंडातून वाफा निघत होत्या. पहिल्यांदा दोन-तीन जणांना हसू आलं, मग फर्रुखचं तोंड बघून तेही विरलं. आई दोन दिवस राबली होती आणि पाहुणे पावणेदोन तासांत घराबाहेर. उद्या गल्ली विचारेल, काय झालं, भांडण झालं का?

"ह्याला कशाला घ्यायचं?" फर्रुख म्हणाला. "दोनदा आला नाही, तिसऱ्यांदा आला तर सगळ्यांना घालवून दिलं. राहू दे की त्याला त्याच्या म्हाताऱ्यांत! तिकडे दुआ म्हणायला माणूस लागतो."

"चुकून झालं त्याच्याकडून," कुणीतरी म्हणालं.

"चुकून म्हणून काय आयुष्यभर सोसायचं?"

ते 'आयुष्यभर' सगळ्यांनाच कळलं. जसूर मुठीतले कागदाचे तुकडे बघत होता. इथेच टोपी फिरवावी तर गप रस्त्यावर सुरू करायची म्हणजे तिचं तोंडच काळं. पुढच्या गुरुवारी ढकलावी तर कुणाच्या घरी ते ठरलेलं नाही. शेवटी तो म्हणाला, "दोनियोर, आम्ही बोलून ठरवतो. तू... तू उद्या वर्गात भेट."

म्हणजे काय ते दोनियोरला समजलं. खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्याला सगळ्यात जास्त काय हवं होतं? झोप. आणि स्वतःचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता. रविवारी बाप विचारेल, काय सांगायचं? धरली होती, बाबा, पण मीच ओमिन म्हणून टाकलं?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचे दिवे दिसले. शुहरत-अका नऊ म्हणाला होता, पण पोराला बाहेर थंडीत उभं राहावं लागू नये म्हणून तासभर आधीच येऊन थांबायचं त्याने ठरवलं होतं. हातात लोकरी मफलर. रस्त्यावर हा मेळा बघून तो खाली उतरला.

"काय रे? कोण गेलं?"

जसूरने मोठ्या माणसाशी बोलायच्या पद्धतीने, छातीला हात लावून, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. शुहरत-अका ऐकता ऐकता हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि व्हॅनला टेकून डोळे पुसले. मग त्याने दोनियोरकडे बघितलं. पोर खाली मान घालून उभं होतं. अकाचं हसू थांबलं.

"झोपेत पुरी दुआ म्हणाला?"

"पुरी. आजोबांपेक्षा चांगली," फर्रुख कडवटपणे म्हणाला.

"हं," शुहरत-अका म्हणाला. त्याने मफलर दोनियोरच्या गळ्यात टाकला, कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि सरळ जाऊन फर्रुखच्या दारावर थाप मारली.

"अका, काय करताय?" फर्रुख घाबरला.

"पाहुणा आलोय. मला थंडी वाजतेय आणि भूक लागलीय. तुमच्याकडे दारात आलेल्याला परत पाठवतात का?"

दार आजोबांनीच उघडलं. त्यांनी दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! हे तर मोठ्या गाण्यावाले! आमच्या फर्रुखच्या सुंतेच्या पुलावाला तुम्हीच होतात! काय रडला होता हा, तुमच्या गाण्याच्या वरताण!"

रस्त्यावर तेरा पोरं एकदम खिदळली. फर्रुखने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"या, या. पोरा, आईला सांग नवं दस्तरखान टाक!" आणि मग आजोबा थबकले. त्यांनी पाहुण्याकडे बघितलं, रस्त्यावरच्या पोरांकडे बघितलं. म्हातारा काही दूधखुळा नव्हता. "पाहुण्याला एकट्याने जेवायला बसवतात होय?" ते पोरांवरच खेकसले. "या आत! लाज नाही वाटत बाहेर उभं राहायला?"

नवा पाहुणा म्हणजे नवं दस्तरखान. जुनी दुआ जुन्याची. खरबूज आलं, गरम चहा आला, पाहुण्यासाठी राखलेला पुलाव आला. शुहरत-अकाला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागी बसवलं. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "तुमचं काय ते चालू दे. मी नसल्यासारखा बसतो."

जसूरने टोपी मध्ये ठेवली. चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. दोनियोरचं नाव लिहिताना त्याने फर्रुखकडे पाहिलं. फर्रुखच्या तोंडात खरबूज होतं. त्याने एक तुकडा उचलून दोनियोरपुढे सरकवला. चिठ्ठ्या पडल्या, टोपी हलली, आजोबांनी एकेक काढली. डिसेंबर जसूरचा. जानेवारी कुणाचा, फेब्रुवारी कुणाचा. दोनियोरला मे महिना आला. त्याने चिठ्ठी हातात घेतली आणि घट्ट मिटून धरली. मे महिन्यात गावाकडे तुती पिकलेल्या असतात. बाप अंगणात पाणी मारून ठेवील, चौदा उशा उन्हात घालील.

"अकांचंही नाव टाका रे!" कुणीतरी उत्साहाने ओरडलं. "ते नसते तर गपच झाली नसती!"

सगळे हसले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस अठरा वर्षांच्या पोरांच्या गपमध्ये, हसणार नाही तर काय! शुहरत-अकाही हसला. पण पोरं हसून थांबल्यावर मग हसला. ते फक्त दोनियोरला दिसलं, कारण तीन महिने पंगती भरताना त्या चेहऱ्याकडे बघून आपला श्वास घ्यायची त्याला सवय झाली होती.

आजोबांनी गाण्याचा आग्रह केला. पाहुण्याने आढेवेढे घेतले नाहीत. बशी उचलली, दोनियोरला डोळ्याने खूण केली. दोघे उभे राहिले. शुहरत-अकाने सूर वर नेला, दोनियोरने तो उचलला, अकाने पुन्हा चढवला. पोरांच्या हातातले फोन खाली गेले. तिसऱ्यांदा दोनियोरने उचलला आणि वर जाताना तो आवाज मधोमध फाटला, जुनं कापड फाटावं तसा. खोलीत कुणाच्या लक्षात यायच्या आत शुहरत-अकाने तो सूर आपल्याकडे ओढला आणि धरून ठेवला. आपला श्वास संपून गेल्यावरही धरून ठेवला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा काळानिळा झाला. मग त्याने गाणं हळूच खाली आणलं, जणू ते तिथेच संपायचं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अका बसला आणि त्याने चहाची वाटी एका घोटात रिकामी केली.

बाहेर व्हॅनपाशी दोघेच होते. पोरं दारात एकमेकांना ढकलत, हाका मारत पांगत होती. जसूरने लांबून हात केला, "उद्या वर्गात! विसरू नको!"

"अका," दोनियोर म्हणाला, "तुमची गप कोणत्या दिवशी असते?"

तीन महिन्यांत त्याने हे कधी विचारलंच नव्हतं. गुडघे, जावई, रक्तदाब, सगळं ऐकलं, पण हे विचारायचं सुचलं नव्हतं.

शुहरत-अका काचेवरचं दव बाहीने पुसत होता. "माझी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. सतराव्या वर्षी पहाटेला लागलो. संध्याकाळी डोळे मिटायचे. पोरांनी दोनदा वाट बघितली, तीनदा बघितली. मग त्यांनी धरली त्यांची त्यांची. बरोबरच आहे. माझा जोडीदार होता तोवर काही वाटलं नाही. एक माणूस असला की पुरतो." त्याने बाही झटकली. "सगळा जिल्हा मला ओळखतो, धाकट्या. कुठेही जा, पुलाव मिळतो."

दोनियोरने मफलर घट्ट केला. "आज तुम्ही दार ठोठावलंत म्हणून..."

"ते सोड. उद्या तू येऊ नकोस."

"गिरणीवाल्याकडे? सहा पंगती आहेत! जोडीला कोण?"

"हबीब-अका वाजवतील जरा जास्त वेळ. मी दोन साधी गाणी म्हणेन. जोडीदाराचा गळा बसलाय म्हणून सांगेन. ते खोटं पण नाही. ऐकलं मी आत्ता. आवाज असा फाडलास तर विशीत संपशील. महिनाभर येऊ नकोस. झोप. मग आठवड्याला एक. जमलं तर."

आणि दोनियोरला आनंद झाला. लपवून काय उपयोग, आधी आनंदच झाला. उद्या पहाटे अंथरूण सोडायचं नाही! मग त्याने अकाकडे बघितलं. उद्या हा माणूस सहा पंगतींपुढे एकटा उभा राहणार आणि श्वास घ्यायला थांबला की गाणं खाली पडणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटली.

"अका, मे महिन्यात माझी पाळी आहे. गावाकडे. तुम्ही या."

शुहरत-अका गाडीत बसला होता. त्याने दार ओढायचा हात थांबवला.

"गायला?" त्याने विचारलं.

दोनियोरला म्हणायचं होतं, नाही, गायला नाही, असेच या, आमच्यात बसा, काही करू नका. पण अठरा वर्षांच्या पोरांत त्रेचाळीस वर्षांचा माणूस असाच येऊन बसत नाही. त्याला दोन पावलांवरून कुणीतरी हसेल, आणि अका पुन्हा सगळ्यांच्या मागून हसणार. अकाला हे माहीत होतं. म्हणून तर त्याने विचारलं होतं.

"हो," दोनियोर म्हणाला. "गायला."

"येईन की," शुहरत-अका म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं. मग दोनियोर शेजारी बसला आणि व्हॅन वसतिगृहाकडे वळली.